मंगलाताईंचा न झालेला कागद

मंगलाताईंना घंटागाडीत टाकलं.

देहाला अग्नी रीतसर दिला, त्याबद्दल तक्रार नाही. अमरधामला माणसंही पुष्कळ होती.
मी बोलतोय ते त्यांच्या दोन साड्यांबद्दल.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मंगलाताई आमच्या शाळेत कार्यानुभव शिकवायच्या, मी मराठी. रिटायर झाल्यावर गंगापूर रोडच्या घरामागे त्यांनी पत्र्याची शेड घातली आणि हातकागद करायला लागल्या.

जुन्या सुती कापडाचा. आणि बहुतेक वेळा गेलेल्या माणसाच्या कापडाचा.

आपल्याकडे माणूस गेला की त्याचे कपडे गोदावरीत सोडतात, नाहीतर गाठोडं बांधून कुणाला तरी देऊन टाकतात. ज्यांच्याच्याने यातलं काहीच व्हायचं नाही, ते ताईंकडे यायचे.

नामपूरहून एक कांद्याचे व्यापारी आले होते. पिशवी छातीशी धरून दारातच उभे.
"ताई, मन्हा बापनं धोतर शे. फेकाले जीव व्हत नही."
ताई म्हणाल्या, "मग फेकताय कशाला? आत या, चहा घ्या."

पुढे त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. कुलदेवतेपुढे ठेवायची पहिली पत्रिका त्यांनी आजोबांच्या त्या धोतरावर लिहिली. म्हणजे कागदावर. पण ते धोतरच म्हणायचे.

कापड बारीक कापायचं, महिनाभर भिजत घालायचं, उखळात कुटून लगदा करायचा. मग तो पाण्यात सोडायचा आणि चाळणीच्या चौकटीवर एकेक कागद उचलायचा.

मी तिथे रोज जायचो. माझं काम काय? कविता म्हणणं.
शाळेच्या पुस्तकांतल्या झाडून सगळ्या मला अजून पाठ आहेत. डोळे मिटले की वर्ग दिसतो, खडूचा वास येतो, आणि मी सुरू.

"सर, शार्दूलविक्रीडित नको हो! हात रेंगाळतो, कागद जाड येतो."
"मग काय म्हणू?"
"भुजंगप्रयात घ्या. सरळ चालतो बिचारा."

वृत्तांची अशी परीक्षा मी उभ्या नोकरीत पाहिली नाही.

माझी सुमन गेली तेव्हा तिची निळी साडी मीच ताईंना नेऊन दिली. तिचे कागद फिकट निळे झाले. आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखे.

यंदा ताईंचं दुखणं बरं होणारं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्या आणि कात्री घेऊन बसल्या. नेसत्या दोन साड्या स्वतःच्या हाताने कापल्या, टबात भिजत घातल्या.
"माझा कागद तुम्ही उचलायचा, सर."
"मला कुठे येतं?"
"एवढी वर्षं इथे बसून नुसती घोकंपट्टीच केलीत का?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

ताई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या भाच्याला, प्रशांतला, मी बाजूला घेऊन सांगितलं, "शेडमधला टब तेवढा राहू दे. तेरावा झाला की मी नेतो."
"हो काका, शुअर."

चार दिवसांनी गेलो. टब पालथा घातलेला. स्वच्छ धुतलेला.

"सॉरी काका, डोक्यातून गेलंच. कुजलेल्या चिंध्यांचा वास मारत होता. भेटायला येणारे-जाणारे, बरं दिसत नाही ना. आत्ताच घंटागाडीत दिलं."

आत्ताच!

या वयात मी गंगापूर रोडवर घंटागाडीमागे धावलो. धोतर नेसत नाही म्हणून बचावलो. गाडी सिग्नलला वळली आणि दिसेनाशी झाली.
कोपऱ्यावरच्या वॉचमनने विचारलं, "काय गेलं बाबा? मोबाईल?"
"बाई गेली रे."
त्याने मला पायरीवर बसवलं, पाणी दिलं.

आज तेरावा. सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा. माईक घेऊन एक गृहस्थ म्हणाले, "मंगलाताईंनी आयुष्यभर टाकाऊतून टिकाऊ बनवलं."

मी उठलो.
"टाकाऊ कोण? माझ्या बायकोची साडी? नामपूरच्या त्या माणसाच्या बापाचं धोतर? टाकाऊ काय असतं ते या घराने टब उपडा करून ठरवलं. ताईंनी नाही!"

प्रशांत खाली बघत होता. कुणीतरी म्हणालं, "सर, बसा. बीपी वाढेल."
वाढू दे.

घरी येऊन सुमनचा शेवटचा उरलेला कागद काढला. दुपारचं ऊन खिडकीतून तिरपं येत होतं, त्यात धरला.

कागदावर कापडाची वीण उमटलेली दिसली.

ओला कागद चाळणीवरून कापडावर उलटा टाकतात. मग दाबतात, तेव्हा खालच्या कापडाची वीण त्यावर उतरते. ताई त्यासाठी स्वतःच्याच जुन्या साड्यांचे तुकडे वापरायच्या. मी शेकडो वेळा पाहिलंय, पण कधी मनात आलं नव्हतं.
एका कडेला रुईफुलांची रांग होती. तो काठ ताईंच्या साडीचा.

ज्यांच्या घरी त्यांचा कागद असेल त्यांनी उन्हात तिरपा धरून बघा. कागद तुमच्या माणसाचा आहे. पाठीवर हात ताईंचा आहे.

पण म्हणून ती घंटागाडी माफ होत नाही. एका बाईने जन्मात स्वतःसाठी एक गोष्ट मागितली आणि आपण ती वास येतो म्हणून फेकली. प्रशांत, तू हे वाचशील. वाच.

आणि खाली कमेंटमध्ये कुणी "टाकाऊतून टिकाऊ" लिहिलंत तर ब्लॉक करीन. नातवाने शिकवलंय.

मंगलाताई, तुमचा कागद मला उचलता आला नाही.
रागासकट श्रद्धांजली.