सेलिनचा एकच दाखला

सेलिन तुस्कानोकडे कॉलेज सोडल्याचा दाखला एकच होता, आणि तो शनिवारी दुपारी दोनच्या आत एका कुठल्या तरी लॉ कॉलेजात द्यायचा होता.

वसई कोर्टासमोर ॲन्सेल्म वकिलांच्या ऑफिसच्या ओट्यावर ती अकरा वर्षं टाइपरायटर मांडून बसत होती. दावे, प्रतिज्ञापत्रं, फ्लॅटचे करारनामे. मसुद्यातल्या चुका ती न विचारता दुरुस्त करायची आणि वकील न वाचता सही ठोकायचे. एकतिसाव्या वर्षी तिला वाटायला लागलं होतं, ती सही आपलीही असू शकते. आड येत होते ते बीएचे सत्तेचाळीस पूर्णांक सहा टक्के.

मुंबईच्या कॉलेजची यादी गेल्या वर्षी बावन्न टक्क्यांना बंद झाली होती. ते नाव तिने आधीच खोडलं. भिवंडीची सत्तेचाळीसला. हायवेलगत यंदाच निघालेल्या कॉलेजात मात्र पदवी असली की पुरे. दोन्हीकडे अर्जासोबत मूळ दाखला ठेवून घेत होते. आणि नवऱ्याने, अँथनीने, सांगून ठेवलं होतं, "काय ते यंदा बघ. पुढच्या वर्षी नॅन्सीची शाळा सुरू झाली की तुझा अभ्यास संपला."

शुक्रवारी ॲन्सेल्म वकील ओट्यावर येऊन उभे राहिले. "हायवेच्या कॉलेजचा ट्रस्टी माझा मावसभाऊ. तुझी जागा धरून ठेवलीय. उद्या सकाळी दाखला माझ्याकडे दे."

"भिवंडीचंही बघतेय, सर."

"सत्तेचाळीसवाल्यांनी बघायचं नसतं गं. मिळेल ते घ्यायचं असतं."

संध्याकाळी घरी ती नव्या कॉलेजचं माहितीपत्रक वाचत बसली. अँथनी चहा पिता पिता बोलतच होता. "दहा मिनिटांवरचं सोडून कामणवरून एसटीने भिवंडी? तेही नाव लागलं तर! आणि वकीलसाहेब चिडले तर टेबल कुठे मांडशील?"

"चर्चच्या पायरीवर."

"फादर हाकलतील."

तिचं लक्ष नव्हतं. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, छापलं होतं : मान्यता प्रस्तावित.

'प्रस्तावित' हा शब्द तिने शेकडो वेळा टाइप केला होता. त्यांच्या स्वतःच्या फ्लॅटच्या करारनाम्यातही.

"अँथनी, आपल्या नळाला पाणी कधी येणार?"

"कुठल्या नळाला? सात वर्षं टँकर येतोय."

"करारात प्रस्तावित लिहिलंय ना, त्या."

तिने पान त्याच्यापुढे धरलं. त्याने ते दोनदा वाचलं. "तरी जागा नक्की आहे," तो म्हणाला, पण आवाज उतरला होता.

सकाळी वकिलांनी हात पुढे केला. "दाखला?"

"भिवंडीला देतेय, सर. तुमच्या भावाच्या कॉलेजला अजून मान्यता नाही."

"येईल की!"

"आली की सगळे जातील."

"आणि भिवंडीला नाव लागलं नाही तर?"

तिने दाखल्याचं पाकीट काखेत धरलं.

"सोमवारपासून टेबल उचल," ते म्हणाले आणि आत गेले.

कामणला गोदामांच्या ट्रकांमागे बस अर्धा तास उभी राहिली. दाखल्याच्या पाकिटाला सेलिनच्या हाताचा घाम लागला. दोनला दहा कमी असताना ती खिडकीशी पोचली. क्लार्कने टक्के पाहिले. "बाई, अगदी काठावर आहात. ठेवू?"

"ठेवा."

दाखला फायलीत गेला. तिने हात खिडकीवरून काढायला वेळ लावला.

मंगळवारी भिवंडीच्या कॉलेजात फळ्यासमोर गर्दी होती. सगळे यादी वरून वाचत होते. सेलिनने खालून सुरुवात केली. चौथ्या ओळीवर बोट थांबलं : तुकानो सेलिन अँथनी. सत्तेचाळीस पूर्णांक सहा.

तिने पर्समधून पेन काढलं आणि न विचारता राहिलेला 'स' घातला.