रुक्मिणीचा अंदाज

पाहुण्यांकडे बघून हसत हसतच बोलला तो. "शिंप्याच्या पोरीला वर्ग दिल्यावर हेंच होणार. काय करूलालीस तू? त्या अडाणी पोरीला उठीव. मागं बसीव."

मराठीत. पाहुणे तमिळ. त्यांना वाटलं, मला शाबासकी मिळाली. त्यांतली एक बाई माझ्याकडे पाहून गोड हसलीसुद्धा.

तो म्हणजे आमच्या शाळेचा मालक. इकडे त्याला करस्पॉन्डंट म्हणतात. तंजावूरच्या राजवाड्याजवळ राहणाऱ्या मोठ्या मराठी घराण्यातला. त्याचे पूर्वज दरबारात बसायचे, आमचे त्यांचे कपडे शिवायचे. मी त्याच्या शाळेत फिजिक्स शिकवत होते. तात्पुरती. कितीही वर्षं झाली तरी तात्पुरतीच.

आमच्या गावात मराठी ही चारचौघांत लपून बोलायची भाषा. आई साडीच्या दुकानात बसल्या बसल्या मला मराठीत सांगायची, रंग जाईल, ऊठ. दुकानदाराला कळायचं नाही. लहानपणी मला याची फार गंमत वाटायची. याच गमतीचा त्याने माझ्यावर चाबूक केला. तमिळमध्ये मी त्याची 'मॅडम', मराठीत 'तू'. स्टाफरूममध्ये, पालकांसमोर, चेहरा हसरा ठेवून तो मला घालूनपाडून बोलायचा आणि मीही हसऱ्या चेहऱ्याने ऐकायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. वडील अंथरुणावर, घरात दुसरं कमावतं कुणी नाही. मी ऐकत राहिले.

त्या दिवशी मी तमिळ माध्यमाच्या अकरावीला संगणकाच्या खोलीत आणलं होतं. एरवी ती खोली इंग्रजी माध्यमाची. पाहुणे येणार, त्यांना दाखवायचं की आमच्याकडे गरिबांची मुलंही संगणकावर शिकतात, म्हणून ती आम्हाला उघडली. चपला बाहेर काढून मुलं आत आली, तीसुद्धा भिंतीच्या कडेकडेने.

पडद्यावर तोफ. तिचा कोन बदलायचा, बटण दाबायचं. गोळा ज्या वाटेने जातो ती रेघ पडद्यावर राहते. माझी पद्धत साधी होती. आधी अंदाज सांगायचा, मग तोफ उडवायची. अंदाज चुकला तर ओरडा नाही. डोकं तिथूनच चालायला लागतं. करस्पॉन्डंटचा मात्र आदल्या दिवशी हुकूम होता, प्रश्न आणि उत्तरं मुलांकडून पाठ करून घे. मी घेतली नाहीत. पाठच करायचं तर तोफ कशाला हवी?

मी विचारलं, गोळा सर्वांत लांब केव्हा पडेल? रुक्मिणी उठली. वर्गात कधी तोंड न उघडणारी पोरगी. म्हणाली, सत्तर अंशाला. जितका उंच जाईल तितका लांब पडेल. मी तिला संगणकापुढे बसवलं आणि म्हटलं, उडव.

गोळा उंच गेला आणि जवळच पडला. पाहुणे हसले. ती हसली नाही. तिने साठ केलं. गोळा आणखी पुढे पडला. तिच्या कपाळाला आठी पडली. तिचा हात तोफ आणखी खाली घ्यायला लागला. उत्तर पंचेचाळीस, आणि ती आपल्या पायांनी तिकडे निघाली होती. तेवढ्यात करस्पॉन्डंटचं ते 'शिंप्याच्या पोरी'चं बोलणं आलं.

सवयीने मी मान खाली घालणार होते. पण रुक्मिणीने माउसवरचा हात काढून घेतला. ती आमच्याच गल्लीतली, आमच्याच जातीची. घरात मराठी ऐकते, बोलायला लाजते, पण कळतं सगळं. मी काही सांगायच्या आधी ती उठली आणि मागे जाऊन बसली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्यापुरतं होतं तोवर मी गिळलं. आज गिळलं असतं तर तिलाही गिळायलाच शिकवलं असतं.

मी पाहुण्यांकडे वळले आणि तमिळमध्ये म्हणाले, "सर आत्ता काय बोलले ते ऐका. शिंप्याच्या मुलीला वर्ग दिल्यावर हेच होणार, म्हणाले. या मुलीला अडाणी म्हणाले. तिला उठवून मागे बसव, म्हणाले."

त्याच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं. ते कुठे ठेवावं त्याला समजेना. मग कुणीतरी कॉफी तयार आहे म्हणालं आणि सगळे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी वॉचमनने मला गेटवरच अडवलं. माझ्या वर्गाला ती खोली बंद झाली. मी गावातल्या इतर शाळांत गेले, शेजारच्या तिरुवैयारुपर्यंत जाऊन आले. माझ्या आधी माझी गोष्ट तिथे पोचलेली. सगळे बसायला खुर्ची देतात, कळवतो म्हणतात. कुणी कळवत नाही. बाबा खोकायला लागले की बाटलीत औषध किती उरलं ते मी बघते. मी घाबरले आहे. फार घाबरले आहे. आई एकच विचारते, "आपल्यातलं आपल्यांत राहूं द्यायचं. तमिळांत कां सांगितलीस?"

काल त्याचा निरोप आला. उद्या संध्याकाळी घरी ये. आपण एकाच भाषेची माणसं, आपल्या भाषेत माफी माग, मिटवून टाकू. नोकरी परत देतो. आई माझी चांगली साडी काढून बसली आहे.

रुक्मिणीची आई सकाळी भेटली. पोरगी आता शाळेत काही बोलतच नाही, म्हणाली. विचारलं तरी नाही. उत्तर चुकेल म्हणते.

मी जाणार नाही. माफी त्याने मागायची, आणि रुक्मिणीची मागायची. त्याच खोलीत, तिच्या सगळ्या वर्गासमोर, तमिळमध्ये. बाबांचं औषध उद्या कुठून आणायचं, मला माहीत नाही. त्या घराची पायरी मी चढणार नाही.