मुशीशेजारचा दयाळ

बंगळुरात बसवनगुडीतल्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचं संग्रहालय सांभाळणारे एक अटेंडर होते. बेळगावकडचे, म्हणून माझ्याशी मराठीत बोलायचे. पक्ष्यात पेंढा भरला की तो वाळेपर्यंत ते चोचीला दोरा बांधून ठेवत. "तोंड मिटलेलं बरं की हो सर," म्हणायचे.

त्या वर्षी प्रॅक्टिकलला मी तुलना घातली होती. खोल समुद्रातली मुशी, म्हणजे लहान शार्क, तेलाने भरलेल्या यकृतामुळे तरंगते आणि दयाळ पक्षी पोकळ हाडांमुळे हलका होतो. मुशी फॉर्मलिनच्या बरणीत तयारच होती. जुन्या दयाळाला मात्र कसर लागली होती, म्हणून मी नवा मागवला. तो पिंजऱ्यातून जिवंत आला आणि येताच गाऊ लागला.

"उरका आता. परीक्षा आठ दिवसांवर आलीय."

"स्वल्प थांबा सर. मुशीला आवाजच नव्हता. याचं गाणं तेवढं संपू दे."

क्लोरोफॉर्मची बाटली धरून ते पिंजऱ्यापाशी उभे राहिले. दहा मिनिटं झाली तरी पक्षी थांबेना आणि त्यांचा हात हलेना. शेवटी मी ओरडलो, "अहो, उरका!" आणि व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. गाणं तिथेही ऐकू येत होतं. मग येईना.

दुसऱ्या दिवशी बरणीशेजारी दयाळ बसवलेला होता. त्याची चोच सताड उघडी होती.

"दोरा बांधायचा राहिला का?" मी विचारलं.

"राहिला नाही सर," ते बरणी पुसत म्हणाले. "त्याला मधेच थांबवलं ना, आपण दोघांनी."