पुढचं घर

ग्रामपंचायत नवी होती, आणि दर रविवारी रस्त्यासाठी श्रमदान असे. त्याची हाक द्यायचं काम आमच्या गल्लीतल्या काकांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते आपणच घेतलं होतं. सिंदीच्या बाजारातल्या टायरच्या चपला फटफटवत ते प्रत्येक फाटकाशी थांबत. "निंगा जी! रस्ता आपलाच हाये. हो का नाई?" उत्तराची वाट मात्र कधी पाहत नसत.

मी दर वेळी म्हणायचो, "या ना आत, चहा घेऊन जा."

"पुढचं घर राह्यलं जी," म्हणत ते चालू लागत.

आमच्यापुढे एकच घर होतं. त्यांचं. तिथे ते एकटेच राहत.

रस्ता आमच्या फाटकापर्यंत आला आणि मुरूम संपला. पुढच्या रविवारी आणखी दोन बैलबंड्या मुरूम आणू, असं सरपंच म्हणाले. काकांनी घमेलं उपडं ठेवलं.

"कायले जी? शाळेपुढं चिखल होते, तिथं टाका. माह्या घरी कोन येऊन राह्यलं?"

सगळे हसले. मीही हसलो. मुरूम शाळेपुढे पडला.

काही दिवसांनी पाहतो तर आमच्या फाटकापासून त्यांच्या दारापर्यंत मुरमाची अरुंद वाट. नाल्याकाठून घमेल्यानं मुरूम आणून त्यांनी एकट्यानं घातलेली, पाणी मारून चोपलेली, कडेला गोटेसुद्धा लावलेले.

"कोनी आलंच तं पाय भरले नाई पायजे. हो का नाई?"

या वेळी ते उत्तरासाठी थांबले. मी "हो" म्हणालो आणि खाली पाहिलं. ओल्या मुरमावर जाणारे-येणारे सगळे ठसे टायरच्या चपलांचे होते.