शून्य उत्पादन

पुण्यात मांजरी गावाजवळच्या एका खासगी बियाणे कंपनीत मी सर्व्हर सांभाळायचे. तिथले ऊस-संशोधक निवृत्तीला आले होते. त्यांना सगळे सर म्हणत. त्यांच्या वाणांच्या उत्पादनाच्या नोंदी एका जुन्या युनिक्स मशीनवर होत्या. एका सकाळी त्याची डिस्क करकरायला लागली. तिच्यावरच्या बऱ्याच जागा, म्हणजे सेक्टर, खराब झाल्या होत्या. बॅकअपची डिस्क विभागप्रमुखांनी आधीच पुसून कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगला लावली होती.

मी नव्या डिस्कवर नक्कल घ्यायला बसले. आधी चांगला भाग उचलायचा, खराब जागा सोडायच्या, मग त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा वळायचं. सर शेजारी बसून राहिले, जेवायलाही उठले नाहीत. बहुतेक सगळं आलं. आलं नाही तिथे नुसती शून्यं भरली गेली.

"ही शून्यं म्हणजे उत्पादन नव्हे," मी विभागप्रमुखांना बजावलं. "ती वगळा, नाहीतर सरासरी चुकेल."

"आपण डिस्क बघा. ऊस आम्ही बघतो. आणि फायलींचा मालक म्हणून माझं नाव टाका. सर काय, चाललेच आहेत."

मी नकार दिला. त्यांनी दुसऱ्याकडून सरांसमोरच ते करून घेतलं.

"मला वाचता तरी येईल ना?" सरांनी मला विचारलं.

"वाचता येईल सर. बदलता येणार नाही."

निवृत्तीनंतरही ते विश्रांतवाडीहून दोन बस बदलून यायचे. वाणांचा अहवाल आला तेव्हा त्यांच्या सगळ्यात चांगल्या वाणाची सरासरी आपटली होती. शून्यं तशीच मोजली होती. सर विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेले, मागोमाग मी.

"अहो, हा वाण निकृष्ट नाही. हिशोब चुकलाय."

"सर, वय माणसाचं होतं तसं उसाचंही होतं."

मी खराब जागा दाखवायला लॅपटॉप पुढे केला. विभागप्रमुखांनी तिकडे पाहिलंही नाही. "अहवाल वर गेलाय. आता मी चुकलो म्हणून पेढे वाटू का?"

पुढच्या आठवड्यात त्या वाणाचा प्लॉट मोडला. सरांना कुणी कळवलं नव्हतं. ते आले तेव्हा ऊस चाऱ्यासाठी ट्रॉलीत भरला जात होता. ते बांधावर उभे राहिले. निघताना गेटवर वॉचमनने त्यांची पिशवी उघडायला लावली. केबिनमधून तसा फोन आला होता. पिशवीत डब्याखाली उसाचं एक कांडं निघालं, लावण्यापुरतं. वॉचमनने ते ट्रॉलीत फेकलं.

"बरोबर आहे तुमचं," सर त्याला म्हणाले आणि बसस्टॉपकडे चालू लागले. पुन्हा ते आले नाहीत.