समोरच्या घरी, गावाला वळसा घालून

ग्रोनिंगेन शहरातल्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेला रूल्फ आणि त्याची थोरली बहीण फेन्ये समोरासमोर राहायचे. मध्ये फक्त रस्ता. आपल्या खिडकीत उभं राहून तो तिची किटली बघू शकायचा. तरी दर रविवारी तो तिच्याकडे कॉफीला गाडीने जायचा. शनिवारी घासूनपुसून लख्ख केलेली गाडी रविवारी दारात सोडून पायी जायचं, म्हणजे झालंच की!

मग सत्त्याहत्तर साली एका रात्रीत शहराच्या मध्यभागाचे चार भाग झाले. पायी किंवा सायकलने कुठूनही जाता यायचं, गाडीने आरपार जायची सोय मात्र संपली. गाडीने एका भागातून दुसऱ्यात जायचं तर आधी बाहेरच्या वळणरस्त्याला लागायचं आणि तिकडून पुन्हा आत शिरायचं. हद्द नेमकी या भावाबहिणीच्या मधून गेली.

पुढच्या रविवारी रूल्फ पोचला, तेव्हा कॉफी पार निवली होती. साडेदहाला कॉफी, कपाबरोबर एक बिस्कीट, की डब्याचं झाकण बंद. फेन्येने ते कुणासाठी पुन्हा उघडलं नव्हतं, मग भाऊ कोण लागून गेला!

"पाय भाड्याने दिलेस का रे?" ती म्हणाली.

"या सायकलवाल्यांच्या नाकावर टिच्चून गाडीनेच येणार मी."

"ये बापडा. बिस्कीट वेळेवर येणाऱ्याला."

रूल्फ लवकर निघू लागला. पण त्याच्यासारखे हट्टी गावात बरेच होते, आणि सगळे त्याच वळणरस्त्यावर; उशीर ठरलेलाच. निघताना तो खिडकीतल्या फेन्येला हात करायचा, तीही करायची.

एका रविवारी कोट चढवताना त्याला दिसलं, की फेन्ये स्टुलावर चढून डबा काढतेय. स्टूल कलंडलं आणि ती खिडकीतून दिसेनाशी झाली.  किल्ली उचलून तो जो धावला, तो थेट गाडीत.

वळणरस्त्यावर बीट भरलेल्या ट्रकमागे अडकल्यावर त्याला आठवलं, की आपल्याला पाय आहेत. पण आता मागेही वळता येईना. स्वतःला शिव्या घालत, डोळे पुसत तो ट्रकच्या मागे मागे सरकत राहिला.

फेन्ये जमिनीवर बसली होती, घोटा सुजलेला, मांडीवर डबा.

"मी पडले ते दिसलं तुला?"

"दिसलं."

"आणि तू गाडी काढलीस."

"हो."

"कशीबशी उठून खिडकीतून ओरडत होते, चालत ये म्हणून. तू न बघताच नेहमीसारखा हात केलास!"

रूल्फ तिच्याशेजारी फतकल मारून बसला आणि हमसून रडू लागला. "तू गेली असतीस तर, फेन्ये?"

"मातीलाही उशिरा पोचला असतास." तिने डबा उघडला. त्याला एक बिस्कीट दिलं. जरा थांबून आणखी एक दिलं. "पट्टी आहे का घरी?"

"आहे. आत्ता आणतो." तो उठला आणि सवयीने खिशातून किल्ली काढली. फेन्येने उघडा डबा त्याच्यापुढे धरला.

रूल्फने किल्ली बिस्किटांच्या डब्यात टाकली आणि पायी रस्ता ओलांडला. फेन्येने झाकण बंद केलं.