एक तटस्थ

मुकुंद गेल्याचा निरोप आला तेव्हा मी भंगार टाकायच्या आवारात उभा होतो. गेल्या वर्षीच्या मखराचं थर्मोकोल कुठल्या कंटेनरमध्ये टाकायचं यावरून तिथल्या माणसाशी हुज्जत चालली होती. खिशात फोन थरथरला. स्क्रीनवर मुकुंदचं नाव होतं, आवाज मात्र अनघाचा... त्याच्या बायकोचा. "श्रीकांतदादा, मुकुंद गेला. सकाळी." एवढंच बोलून ती थांबली. मी काय बोललो ते आठवत नाही. पुढे काय केलं ते मात्र चांगलं आठवतं, आणि आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं. मी गाडीत बसलो आणि जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर संदेश टाकला. मागच्या वर्षी एका सभासदाच्या आई गेल्या होत्या, तेव्हाचा शोकसंदेश शोधला, कॉपी केला, नाव बदललं. 'त्यांच्या' राहिलं होतं ते 'त्याच्या' केलं. दोन मिनिटांत काम झालं. अध्यक्ष आहे ना मी! असली कामं मला फार झटपट जमतात.

मुकुंद मोटारींच्या कारखान्यात आवाजाचा इंजिनिअर होता. म्हणजे गाडीत नको तो आवाज कुठून येतो ते शोधायचं आणि तो बंद करायचा. अकरा वर्षांपूर्वी तो इथे आला तेव्हा पहिल्यांदा माझ्या गाडीत बसला, आणि पाच मिनिटांत म्हणाला, "मागच्या उजव्या दाराचं रबर गेलंय तुझ्या." मी म्हटलं, डोंबलाचं रबर, नवी गाडी आहे! वर्कशॉपमध्ये दाखवलं तर खरंच रबर गेलेलं. तेव्हापासून आमची जी गट्टी जमली... तो माझ्याहून पाच वर्षांनी लहान, पण अरे-तुरेवरच आलो. कोणतीही गोष्ट पटली की जर्मन लोकांसारखं "गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणायचा, आणि ते इतकं मनापासून की समोरच्याला आपण फार शहाणं काहीतरी बोललो असं वाटायचं. माझी आई इथे आली असताना पडली, खुब्याचं हाड मोडलं. माझं जर्मन तेव्हा मोडकंतोडकं. मुकुंद चार दिवस रजा टाकून तिच्या उशाशी बसला. डॉक्टर काय म्हणतात ते तिला मराठीत सांगायचा, आणि ती काय म्हणते ते डॉक्टरांना गोड करून जर्मनमध्ये. आई परत जाताना विमानतळावर मला म्हणाली, "तुझ्यापेक्षा तोच बरा मुलगा आहे." मी हसलो होतो.

मंडळाचा ध्वनिक्षेपक, वायरी, मखराचे भाग, समया, सगळं मुकुंदच्या तळघरात. इथे प्रत्येक घराला तळघरात एक खोली असते, केलर म्हणतात. त्याचं घर आमचा गणपती बसतो त्या चर्चच्या सभागृहासमोरच, रस्ता ओलांडला की झालं. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी वायरींची भेंडोळी दोन्ही खांद्यांवर अडकवून तो रस्ता ओलांडताना दिसला, की आमचा गणपती आला असं मुलं म्हणायची. संध्याकाळी सगळे जेवायला बसले की हा एकटा वायरी गुंडाळत असायचा. एक वेढा सरळ, एक उलटा. पीळ पडू द्यायचा नाही. मी दहा वेळा शिकलो, दहा वेळा विसरलो.

आता जे सांगायचंय ते. तीन वर्षांपूर्वी मंडळाची निवडणूक होती. निवडणूक म्हणायची एवढंच. आमच्यात रीत अशी, की एकाने नाव सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, मग सगळ्यांनी हात वर करायचे, आणि जर्मन कायद्याला हवं म्हणून ते आकडे इतिवृत्तात लिहायचे. मी सहा वर्षं कार्यवाह होतो. आता अध्यक्ष मीच, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं, आणि नाव मुकुंदने सुचवायचं हेही. सभेच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्याला फोन केला. नुसतं कळवायला, विचारायला नव्हे. तो म्हणाला, "मी नाही सुचवणार, श्रीकांत." मी म्हटलं, बरं, अनुमोदन दे. "तेही नाही." का रे? "वैयक्तिक कारण आहे."

वैयक्तिक कारण! काय चिडलो मी. दुसऱ्या दिवशी सभेत दुसऱ्याने नाव सुचवलं, हात वर झाले, आणि मी एकाच हाताकडे बघत होतो. तो त्याच्या मांडीवर पालथा पडला होता. विरोधात कोण, विचारलं, तेव्हाही तो तसाच. तटस्थ कोण, विचारल्यावर वर आला, कानापर्यंतसुद्धा नाही. इतिवृत्तात लिहिलं गेलं: बाजूने सदतीस, विरोधात शून्य, तटस्थ एक. सदतीस माणसांनी मला निवडून दिलं आणि मी घरी आलो तो त्या एकाला घेऊन. स्मिताला, माझ्या बायकोला म्हटलं, "जळतोय तो माझ्यावर." ती म्हणाली, "मुकुंद? तो कशाला जळेल? जाऊन विचार की सरळ." मी विचारलं नाही. अध्यक्षाने जाऊन विचारायचं? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं माझं. तीन वर्षं त्याच्याशी कामापुरतं बोललो. "उद्या दहाला उघडतोस ना केलर?" "हो." "दुसरा माइक आण." "आणतो." तो मात्र दर गणपतीला तसाच भेंडोळी खांद्यावर घालून रस्ता ओलांडत राहिला. माझ्या प्रत्येक भाषणाला माझा आवाज नीट लागावा म्हणून खाली बसून बटणं फिरवत राहिला. मला वाटायचं, खजील झालाय, भरपाई करतोय. माणूस किती मूर्ख असावा याला काही सीमा?

यंदा वसंतात कळलं की त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, आणि उशीर झालाय. जुलैमध्ये मी हॉस्पिटलात गेलो. निम्मा झाला होता. कानांवर तेवढं मांस राहिलं होतं असं वाटलं. मी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. तो म्हणाला, "डाव्या स्पीकरची पिन बदलून घे. करकरते." मी म्हटलं, घेतो. आणि मग त्याने विचारलं, "तुला काही विचारायचंय का?" बघा, त्याने विचारलं. तीन वर्षं जो प्रश्न गिळून बसलो होतो तो ओठांवर होता. मी म्हणालो, "छे रे! तू आधी बरा हो." तो म्हणाला, "गेनाऊ." आणि खिडकीकडे बघत राहिला. हीच आमची शेवटची भेट.

तो गेला मंगळवारी. गणपती त्याच्या पुढच्या आठवड्यात बुधवारी. इथे अग्निसंस्कारालासुद्धा तारीख मिळावी लागते. त्याची मिळाली ती सोमवारची. मधल्या शुक्रवारी मी अनघाकडे गेलो. भेटायला, हो, पण खरं सांगायचं तर केलरमधून मखर काढायलाही. सभागृहाची किल्ली शनिवारी मिळणार होती, सामान हलवायला हवं होतं. अनघा मला खाली घेऊन गेली. मागून त्यांची रेवा आली, पंधरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते. भिंतीवर खिळ्यांना वायरींची भेंडोळी ओळीने टांगली होती, प्रत्येकाला पांढरी पट्टी, पट्टीवर त्याचं बारीक अक्षर. 'डावा स्पीकर.' 'माइक, स्टेज.' 'जादा. श्रीकांत नेहमी मागतो.' ते वाचून मला हसू आलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी बोललो. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "अनघा, या वर्षी तुम्ही दोघी काही... म्हणजे सुतक आहे, तर तुम्ही येऊ नका. प्रसाद मी घरी पाठवतो."

अनघा रडली नाही, आवाजही चढला नाही. म्हणाली, "दादा, हेच वाक्य. अगदी हेच."

मला आधी काही कळेना. मग तिने सांगितलं, आणि जसजशी सांगत गेली तसतसं मला सगळं आठवत गेलं. सहा वर्षांपूर्वी मुकुंदचे वडील नाशिकला वारले, गणपतीच्या आठवडाभर आधी. अनघा आणि रेवा सुट्टीसाठी तिकडेच होत्या. मुकुंद इथे एकटा, आणि पासपोर्ट नूतनीकरणाला दिलेला, म्युनिकच्या वकिलातीत अडकलेला. जाता आलं नाही. वडिलांची चिता त्याने फोनवर पाहिली. आणि गणपतीच्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा वायरी खांद्यावर घेऊन रस्ता ओलांडून आला. मी दारात उभा होतो, हातात यादी. मी म्हणालो, "अरे, तुला सुतक ना? या वर्षी आत येऊ नकोस. ज्येष्ठ मंडळी आहेत, उगाच कुजबुज नको. प्रसाद मी घरी पाठवतो." आणि त्याच्या खांद्यावरची भेंडोळी उतरवून घेतली, एकेक करून. वायरीला सुतक नव्हतं. वायरी आत घेतल्या आणि माणूस परत पाठवला.

"संध्याकाळी मी फोन केला," अनघा म्हणाली. "जेवलास का विचारलं. म्हणाला, श्रीकांत प्रसाद आणतोय, म्हणून थांबलोय. ताट घेऊन बसला होता. खिडकी उघडी ठेवून आरती ऐकली त्याने सगळी. दुसऱ्या दिवशी विचारलं, आला का प्रसाद? तर म्हणाला, विसरला असेल, शंभर माणसं होती त्याच्याकडे."

मी विसरलो होतो. फक्त त्या दिवशी नाही, सहा वर्षं. अनघाने सांगेपर्यंत ते दार, ती यादी, यातलं काहीही मला कधी आठवलं नव्हतं. प्रथा पाळली, बस्स. देवाधर्माची एवढी चाड मला कधीच नव्हती हो! वर्षभरात घरी निरांजन लावत नाही मी. फक्त कार्यक्रमात कुठे खोट निघू नये, एवढंच.

मी विचारलं, "मग सांगितलं का नाही त्याने मला?" अनघा म्हणाली, "मीही त्याला हेच म्हटलं होतं निवडणुकीच्या वेळी. तो म्हणाला, सांगितलं की श्रीकांत लगेच माफी मागेल, आणि मला 'जाऊ दे' म्हणावं लागेल. मला ते म्हणायचं नाहीये. राग नव्हता हो त्याचा तुमच्यावर. म्हणायचा, श्रीकांत सगळं नीट करतो, पण अडचणीतला माणूस त्याला कार्यक्रमातली अडचण वाटतो. अशाला अध्यक्ष करा म्हणून मी हात कसा वर करू?"

मी खालच्या आवाजात म्हटलं, "तुम्ही या. दोघी या. मी दारात उभा राहून आत घेतो तुम्हाला. कोण काय बोलतं बघतो." तेव्हा जिन्यावरून रेवा म्हणाली, "विअर कोमेन निष्ट." आम्ही येणार नाही. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. अनघानेही तिला गप्प केलं नाही.

गणपती झाला. मी सभागृहाच्या सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या. थंडी वाजते म्हणून लोक कुरकुरले. समोरच्या घराचे पडदे बंद होते. आरती संपल्यावर मी स्वतः डबा घेऊन रस्ता ओलांडला, बेल दाबली. बराच वेळ दाबली. मग डबा पायरीवर ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा तो तिथेच होता, न उघडलेला.

गेल्या रविवारी पुन्हा निवडणुकीची सभा झाली. मी आधीच सांगितलं होतं, मला नको. पण दुसरं कोणी उभं राहायला तयार नाही. प्रत्येकाला नोकरी, पोरं, घराचा हप्ता. "तुमच्याशिवाय आहे कोण?" म्हणून माझंच नाव सुचवलं गेलं. बाजूने कोण? भराभर हात वर झाले. विरोधात कोणी नाही. कार्यवाह एक तरुण मुलगी आहे, ती आकडा लिहायला खाली वाकली. मी म्हटलं, थांब, तटस्थ कोण ते विचार. तिने विचारलं. मी माझा हात वर केला. लोक हसले, त्यांना चेष्टा वाटली. तिने विचारलं, "काका, कारण काय लिहू?" मी म्हटलं, "वैयक्तिक." आणि मग मला तिथे बसवेना.

मखर, समया, सगळं आता माझ्या केलरमध्ये आहे. वायरीही. यंदा त्या मी वापरल्याच नाहीत, नवीन आणल्या. नव्यांचा गुंता मी कसाबसा पोत्यात कोंबलाय. त्याची भेंडोळी खिळ्यांवर टांगलीत, त्याने टांगली होती त्याच क्रमाने. एक वेढा सरळ, एक उलटा. 'जादा. श्रीकांत नेहमी मागतो.' ती सोडली, तर पुन्हा तशी गुंडाळता येणार नाही मला.